मी वाचून दाखवलेले सहा आकडे

ये, अशी जवळ सरक बघू. आणि तो फोन आधी पालथा घालून ठेव. बाई गं, तुला किती वेळा सांगितलं, मावशीला काही विचारायचं असेल तर समोर बसून विचारावं. व्हॉइस मेसेजवर "मावशी, तुझं आणि दादाचं काय बिनसलंय?" असं अकरा सेकंदांत विचारून मोकळं होऊ नये. अकरा सेकंदांच्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? म्हणून हे लिहायला घेतलंय. तू तिकडे अबुधाबीत, मी इकडे इंटरनॅशनल सिटीत, तरी समज की माझ्या ओट्याशी स्टुलावर बसली आहेस आणि मी बोलतेय. मध्ये तोंड घालू नकोस. मी रागावलेली आहे, आणि मला मध्ये थांबवलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते हे तुला ठाऊक आहे.

बिनसलंय ते एका फॉर्मवरून. तुझ्या दादाने, म्हणजे माझ्या मुलाने, स्वतःच्या मुलीचे अकरावीचे विषय तिला न सांगता बदलले. आणि ते बदलायला मदत मी केली. ही दोन्ही वाक्यं एकदमच लिहून टाकते, नाहीतर पहिल्यावरच थांबून त्याला बोल लावत बसेन.

आमच्या घराचं कसं चालतं ते तुला अर्धवट माहीत आहे. तुझा दादा सोमवार ते शुक्रवार अबुधाबीत, कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये, तिघा परक्या माणसांबरोबर एका खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी घरी येतो, रविवारी संध्याकाळी परत. तुझी वहिनी सकाळी सातला देराच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला जाते ती संध्याकाळी सातला उगवते. मधला सगळा दिवस नात आणि मी.

आणि माझा फोन. तुझ्या काकांचं रास अल खोरला गोडाऊन होतं, नळ, बेसिन, पाइप, फिटिंगची कामं, तेव्हा त्यांनी माझ्या नावाने एक सिम घेतलं. ते अजून चालू आहे. तुझ्या दादाच्या दोन नोकऱ्या गेल्या, दोन्ही वेळा कंपनीने फोन काढून घेतला, नंबरसकट. तेव्हापासून घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टींना माझा नंबर लावलेला. बँक, वीज-पाणी, गाडीचे दंड, व्हिसाचे कागद, नातीची शाळा. कुणी काहीही केलं की माझा फोन टिंग करतो, सहा आकडे येतात आणि मी ते वाचून दाखवते. ओटीपी म्हणतात ना, तो. वहिनीचा क्लिनिकमधून फोन, मुलाचा अबुधाबीतून, "आई, आकडे." की मी चष्मा लावून एकेक आकडा सुटा सुटा सांगायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. सातवीत शाळा सुटलेली बाई मी. इंग्रजी शिकले ती गोडाऊनमधल्या खोक्यांवरची अक्षरं लावून लावून. आणि आता सगळं घर माझ्या वाचण्यावर अडतं, याचं सुख वाटायचं.

आता पोरीविषयी. ती हुशार आहे असं सगळे म्हणतात, पण म्हणजे काय ते कुणी बघत नाही. नववीत शाळेने प्रोजेक्ट दिलं होतं, आपल्या भागाचा काहीतरी नकाशा करा. बाकीच्या मुलांनी मॉल आणि मशिदी दाखवल्या. हिने सावलीचा नकाशा केला. दुपारी चारला कुठल्या बिल्डिंगची सावली कुठपर्यंत पडते, बस स्टॉपवर उभ्या माणसाला ती मिळते की नाही, सहाला काय होतं. इथल्या वस्त्यांना देशांची नावं, तर चायना क्लस्टरपासून फ्रान्स क्लस्टरपर्यंत आम्ही दोघी पंधरा दिवस हिंडलो. मी छत्री धरायची, ती खडूने रेघा मारायची. एका वॉचमनने हटकलं तर तिने त्यालाच विचारलं, अंकल, आप दोपहर में कहाँ बैठते हो? त्याने जागा दाखवली, ती पण तिने नकाशावर घातली. भाजीला जाताना अजून मी त्याच नकाशाने जाते. त्या पोरीला भूगोल, सायकॉलॉजी, इकॉनॉमिक्स असे विषय घ्यायचे होते. ह्युमॅनिटीज म्हणतात त्याला. माणसं कुठे कशी राहतात याचा अभ्यास, असं तिने मला समजावलं, आणि मला ते पटलं.

पण ते फक्त मला पटलं. खालच्या मजल्यावरची बाई लिफ्टमध्ये भेटली, म्हणाली, "आंटी, आर्ट्स? नंबर कम आये क्या?" परीक्षा अजून व्हायची होती. मी म्हटलं, नंबर आये नहीं है अभी, आप लेके आओ. ती हसली, मी नाही हसले.

आणि रविवारचा तो व्हिडिओ कॉल. पुण्याची आत्या, नाशिकचे मामा, मामांचा अमेरिकेतला जावई, सगळे चौकोनांत बसलेले. सगळ्यांच्या तोंडी एकच, आधी सायन्स घे, मग पुढे काय वाटेल ते कर. जावईबापू म्हणाले, कॉम्प्युटर घे, डोळे मिटून घे. अरे, तू कोण? तिचं तू दोनदा तोंड पाहिलंस. पोरीचा चेहरा कोपऱ्यात एवढासा, आणि सगळे तिच्याविषयी बोलतायत, तिच्याशी कुणी नाही. आणि मी? मी पोळ्या लाटत होते. मलाही त्या वेळी लाटणं खाली ठेवून बोलायला सुचलं नाही.

त्याच सुमाराला ती भुवया रंगवायला लागली. मी रागावले. म्हटलं, दहावीचं वर्ष आणि हे काय नटणं मुरडणं. मग एकदा आंघोळ करून आली तेव्हा पाहिलं, डाव्या भुवईत मधे केसच नाहीत. फिजिक्सची गणितं सोडवताना ती बसल्या बसल्या एकेक केस उपटत होती. उशीखाली टिश्यूत ते केस. मी विचारलं तर म्हणाली, "आजी, इट्स नथिंग, इट हेल्प्स." त्याने मदत होते म्हणे. मी वहिनीला दाखवलं. ती माउली क्लिनिकमध्ये दिवसभर दुसऱ्यांचे रिपोर्ट हातात देते, तिचे डोळे भरून आले, पण म्हणाली, आई, यांना आत्ता नका सांगू, बोर्ड होऊ देत. नाही सांगितलं. इथेही माझं चुकलं.

जानेवारीत शाळेत ओपन हाउस होतं. वहिनीने अर्धी सुटी काढली, आम्ही तिघी गेलो. सुपरवायझर बाई गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, ह्युमॅनिटीज ऑफर करतो आम्ही, पण बारा मुलांचे फॉर्म आले तरच वर्ग उघडेल, नाहीतर कॉमर्स. म्हणजे मेनूकार्डावर पदार्थ आहे, पण टेबलावर बाराजण बसले तर करू. सायन्सचे चार वर्ग भरलेले. आणि ही आमची पोरगी, जिला दुकानात चुकीचे सुटे पैसे आले तरी बोलता येत नाही, ती वर्गावर्गांत जाऊन विचारत फिरली, कुणाला घ्यायचंय, कोण घेतंय. मुलींच्या आयांशी फोनवर बोलली. बारा जमवल्या. अकरा त्या आणि बारावी ही. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहिली होती, मला रोज दाखवायची.

एका शुक्रवारी तिने बापाला सगळं सांगितलं. तुझा दादा ऐकत बसला. हो-नाही, हो-नाही, शेवटी म्हणाला, ठीक आहे, भर तू, तुझं आयुष्य आहे. तिने तिथल्या तिथे लॅपटॉपवर फॉर्म भरला, माझ्या फोनवर आकडे आले, मी मोठ्याने वाचले. मी शिरा केला. तिने दोन वाट्या खाल्ला. त्या घासाघासाला मी समाधानाने बघत होते, एवढी मूर्ख मी.

पुढच्या मंगळवारी दुपारी तुझ्या दादाचा फोन. मी डाळ वाटत होते, हात बरबटलेले. म्हणाला, आई, एक ओटीपी येईल, वाच जरा. टिंग झालं. मी कोपराने फोन सरकवला आणि वाचले. चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सात. "खलास, आई. मीटिंग आहे, ठेवतो."

त्या आकड्यांच्या वर शाळेचं नाव होतं. इंग्रजीत लिहिलं होतं, विषयात बदल करण्यासाठी हा कोड. मला ते वाचता येत होतं. हे नीट लक्षात ठेव, येत होतं. अडाणी असते तर माझी मी सुटले असते. इतकी वर्षं फक्त आकडे वाचायची सवय, वरच्या ओळी माझ्यासाठी नसतातच अशी समजूत. कुणी कशासाठी मागतंय हे विचारायचं नाही, ते त्यांचं काम, माझं काम आकडे. अशी मी घरातली महत्त्वाची बाई.

पोरीने बोर्डाचे सगळे पेपर दिले. तिला काही माहीत नाही, मलाही नाही. माहीत होतं ते एका माणसाला, आणि तो दर शुक्रवारी येऊन तिच्याशी हसून बोलत होता, पेपर कसा गेला विचारत होता. याची मला सगळ्यात जास्त चीड आहे. चोराने निदान समोर बसून जेवू नये.

मार्चअखेर शाळेने याद्या लावल्या. ती दुपारी घरी आली, बॅग खाली ठेवली नाही, बूट काढले नाहीत. माझा फोन उचलला, मेसेज खाली खाली सरकवत गेली. मग तो माझ्यासमोर धरला. रडत नव्हती. म्हणाली, "आजी, यू रेड इट टू हिम."

मी म्हटलं, मला नव्हतं गं माहीत. ती म्हणाली, आय नो. आणि आत गेली. ते आय नो मला शिवीपेक्षा लागलं. तिचं नाव सायन्सच्या यादीत, कॉम्प्युटरसकट. ह्युमॅनिटीजला अकरा फॉर्म. म्हणजे तिच्या एकटीचंच नाही, तिने जमवलेल्या सगळ्या मुलींचं गेलं. मैत्रिणींच्या ग्रुपवर तिला काय काय लिहिलं होतं ते वहिनीने मला वाचून दाखवलं नाही, पण तिचं तोंड मी पाहिलं. एवढं सगळ्यांना गोळा करून हीच पळाली, असंच ना?

शुक्रवारी तुझा दादा आला. येताना पोरीला आवडतो तो केक. मी त्याला आधी जेवायला वाढलं. भरल्या पोटावर बोललं की माणसाला उठून जाता येत नाही, हे मी काकांच्या वेळेपासून पाहिलंय. मग विचारलं, तिला सांगायचं का नाहीस?

तो आधी म्हणाला, आई, तिने ऐकलं नसतं. मग म्हणाला, बोर्डाच्या मध्ये कशाला डोक्याला ताप. मग त्याचा आवाज चढला. "माझी नोकरी गेली तेव्हा त्यांनी कुणाला ठेवलं माहीत आहे? इंजिनियर ठेवले. अकाउंट्सचे सगळे काढले. दोन्ही वेळा. तुम्हाला काय माहीत, बॅग भरताना कसं वाटतं?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "मला तरी कुणी विचारलं होतं?"

हे तुला माहीत नसेल. तू लहान होतीस. तुझ्या दादाला दहावीनंतर सायन्स हवं होतं. काकांना गोडाऊनच्या वह्या सांभाळायला घरचं माणूस हवं होतं, बाहेरच्या हिशेबनीसाने एकदा फसवलं होतं. फॉर्म तेव्हा कागदाचा. काका साइटवर होते, म्हणून पालकाची सही मी केली. कॉमर्सपुढे त्यांनी आधीच टिक करून ठेवली होती. मुलगा दारात उभा होता. मी सही केली आणि त्याला म्हटलं, बाबांनी काही विचार करूनच ठरवलं असेल. पुढे गोडाऊन बंद झालं, काका गेले, वह्या रद्दीत गेल्या. त्याचं कॉमर्स तेवढं राहिलं.

तो हे बोलला आणि एक मिनिट मला वाटलं, संपलं, आता मला बोलायचा अधिकार नाही. बरोबर आहे त्याचं. आणि दुसऱ्याच मिनिटाला तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं, "तुझं वाटोळं आम्ही केलं, मग मला बोल. मला चार माणसांत बोल. तिच्याकडून काय वसूल करतोस?" वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पहिल्यांदाच नवऱ्याला म्हणाली, तिच्या भुवया बघा जाऊन. तो आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. केक तसाच राहिला, मुंग्या लागल्या.

पण बघून मनात कालवाकालव झाली म्हणून माणूस लगेच सुधारतो थोडाच. रविवारी निघताना म्हणाला, आई, मी विचार करतो. विषय पुन्हा बदलायला शाळेची मुदत गुरुवारपर्यंत. त्याचा विचार शुक्रवारी घरी येणार.

म्हणून सोमवारी मी एकटी शाळेत गेले. दोन बस बदलून. ऑफिसातल्या क्लार्कने अदबीने बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, मॅडम, फॉर्म फादर के नाम पे है, फादर का मेल चाहिए. मी म्हटलं, माझा नंबर आहे तुमच्याकडे. त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, म्हणाला, हाँ, नंबर आपका है, लेकिन आप गार्डियन नहीं हैं. म्हणजे आकडे माझ्याकडे येणार, शब्द माझा चालणार नाही. आत सुपरवायझर बाई भेटल्या. त्या म्हणाल्या, गुरुवारी सकाळपर्यंत वडिलांचा मेल आला तर बारा होतात, वर्ग उघडतो. मग म्हणाल्या, इन्शाल्ला. आमच्याच मुलुखातली बाई, तिलाही इथे हेच सुचतं.

त्या बाकावर बसूनच मी तुझ्या दादाला फोन लावला. सांगितलं, आजपासून मी एकही आकडा वाचणार नाही. त्याला वाटलं, आई चिडलीय, उतरेल. त्याच संध्याकाळी त्याला बँकेतून काही पाठवायचं होतं. फोन केला. मी म्हटलं, टिंग झालं खरं, पण चष्मा सापडत नाही. मंगळवारी वीज-पाण्याचं बिल. चष्मा सापडत नाही. वहिनीने तिच्या कार्डासाठी विचारलं तेव्हा मात्र मी वाचले, तेही वरच्या ओळीपासून, सगळं, कंपनीच्या नावासकट. बुधवारी दुपारी त्याच्या गाडीच्या दंडाचं काहीतरी होतं, ते भरल्याशिवाय गाडीचे कागद होईनात. म्हणाला, आई, हे ब्लॅकमेल आहे. मी म्हटलं, हो. मला शब्द ठाऊक आहे, खोक्यावर नव्हता, तरी ठाऊक आहे.

बुधवारी संध्याकाळी त्याने मेल पाठवला. त्याची कॉपी पोरीलाही पाठवली, आणि खाली तिच्यासाठी एक ओळ, सॉरी म्हणून. ती तिने वाचली. उत्तर दिलं नाही. मी तिला दे म्हटलं नाही.

गुरुवारी सकाळी बारा फॉर्म झाले. दुपारी पुन्हा अकराच. दुसऱ्या एका मुलीच्या बापाने फॉर्म बदलला. मला त्या माणसाचं तोंडही माहीत नाही, पण त्याच्या घरी कुणाच्या फोनवर आकडे आले असतील आणि कुणी वाचले असतील, ते मला सांगायला नको. वर्ग उघडला नाही.

सध्या ती कॉमर्समध्ये बसतेय, तात्पुरती. त्या मुलींतल्या चौघी तिच्याच वर्गात आहेत, आता बोलतात. तिने शाळेत जाऊन माझा नंबर काढला आणि वहिनीचा घातला. मला सांगून काढला, सभ्यपणे. चांगलं केलं. तरी फोन शाळेचं काही बोलत नाही तेव्हा मला चुकल्यासारखं होतं, आणि मग स्वतःचाच राग येतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. तुमच्या अबुधाबीत, तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर, एक शाळा आहे, तिथे ह्युमॅनिटीजचा वर्ग आधीपासून चालतो, कुणाची मोजणी करावी लागत नाही. वहिनीने फोन केला होता. जागा आहे. या महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. दादाच्या खोलीत तिघे पुरुष, तिथे ती राहू शकत नाही. रविवारी संध्याकाळी ती बापाबरोबर येईल, शुक्रवारी त्याच्याबरोबर परत. मधले दिवस तिला एक पलंग आणि एक टेबल लागेल, तुझ्या मुलीच्या खोलीत. तुझा दादा म्हणाला, आई, तूच विचार, मला तोंड नाही. आणि पोरगी म्हणाली, "आजी, आस्क, डोन्ट बेग." म्हणून मी विचारतेय.

लगेच हो म्हणू नकोस. नवऱ्याला विचार, आणि तुझ्या मुलीला आधी विचार, खोली तिची आहे. ती नको म्हणाली तर नको, तिच्यावर कुणी रागवायचं नाही. पण उत्तर फोनवर देऊ नकोस. येत्या शनिवारी तिघं इकडे या, माझ्या नातीशी तिच्यासमोर बसून बोला. दुपारी ऊन असतं, अकराच्या आत पोचा, मी जेवायला थांबते.